कागदावरची नावं

२८ एप्रिल १८६९. युटाच्या उजाड माळावर सकाळी सातला इंजिनाची शिटी झाली आणि सेंट्रल पॅसिफिक रेल्वे कंपनीची माणसं कामाला भिडली. एका दिवसात दहा मैल लोहमार्ग टाकून दाखवण्याचा विडा कंपनीच्या चार मालकांपैकी एक, चार्ल्स क्रॉकर, याने उचलला होता. समोरून, पूर्वेकडून रूळ टाकत येणाऱ्या युनियन पॅसिफिक कंपनीच्या थॉमस ड्युरंटशी त्याची दहा हजार डॉलरची पैज लागली होती, असं सांगतात. संध्याकाळी सातला काम थांबलं तेव्हा मोजणी झाली : दहा मैल आणि वर ५६ फूट. ३,५०० हून अधिक रूळ एका दिवसात अंथरले गेले होते आणि एकेका रुळाचं वजन अडीचशे किलोच्या घरात होतं.

हे रूळ गाडीवरून उचलून जागेवर ठेवणारे आठ जण होते. मायकेल शे, मायकेल केनेडी, मायकेल सुलिव्हन, पॅट्रिक जॉइस, थॉमस डेली, जॉर्ज वायट, एडवर्ड किलीन आणि फ्रेड मॅक्नमारा. आयरिश गडी. त्यांची नावं तेव्हा नोंदवली गेली आणि आजही प्रत्येक रेल्वे-इतिहासात छापली जातात.

स्लीपर आधी पसरून ठेवणारे, रुळांचे सांधे जोडणारे, खिळे ठोकणारे, मागून खडी भरून ती पहारीने दाबणारे मात्र हजारोंनी होते आणि ते बहुतेक चिनी होते. त्यांच्यापैकी एकाचंही नाव त्या यादीत नाही.

कंपनीकडे हजेरीपट नव्हता असं नाही. तो होता, आणि आजही त्याचे काही कागद टिकून आहेत. जानेवारी १८६४ च्या पगारपत्रकात ‘हंग वा’ हे नाव दिसतं. पण हा होता मुकादम. त्याच्या टोळीत किती माणसं, त्यांनी मिळून किती दिवस भरले, एवढा हिशेब कारकुनाला पुरेसा असे. पैसे मुकादमाच्या हाती जात आणि पुढची वाटणी तो करी. ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्यांना ही रीत नवी वाटणार नाही. जिथे सुटी नावं आहेत, तिथेही गंमतच आहे. ‘आ फाँग’, ‘आ लिंग’, ‘आ टॉम’ अशी पानंच्या पानं. यातला ‘आ’ हा नावाचा भागच नव्हे. कँटनी बोलीत जवळच्या माणसाला हाक मारताना तो नावाआधी लावतात. आपल्याकडच्या एखाद्या साहेबाने मस्टरवर ‘अरे गण्या’, ‘अरे बाळ्या’ असं लिहून ठेवावं, आणि शंभर वर्षांनी पणतवंडांनी त्यावरून गणपतरावांना शोधावं, तसा हा प्रकार.

ही माणसं आली कुठून? जवळपास सगळी एकाच प्रांतातून : दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगमधून, त्यातही पर्ल नदीच्या मुखाजवळच्या मोजक्या जिल्ह्यांमधून. तोइसान (त्या वेळचं सनिंग) हा त्यातला मुख्य. जमीन थोडी, डोंगराळ आणि माणसं फार. त्यात १८५० पासून ताइपिंग बंडाने देश होरपळला; १८५५ नंतर त्या जिल्ह्यांमध्ये मूळ रहिवासी आणि हाक्का लोक यांच्यात रक्तरंजित यादवी पेटली. या सगळ्याच्या आधी, १८३९ ते ४२ मध्ये, ब्रिटिशांनी चीनवर अफूचं युद्ध लादलं होतं. नव्या तहाने शांघायसारखी बंदरं उघडली, व्यापार तिकडे वळला आणि कँटनच्या वाटेवरच्या हमालांची, नावाड्यांची रोजी बुडाली. या कहाणीत मुंबईचाही धागा आहे. चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा हिस्सा माळव्याचा, आणि तो मुंबई बंदरातून जहाजावर चढे. सर जमशेटजी जीजीभाईंसारख्या शेठांची संपत्ती कापूस आणि अफूच्या याच चिनी व्यापारावर उभी राहिली होती. मुंबईने त्या पैशाची रुग्णालयं आणि कलाशाळा पाहिली, त्याचं दुसरं टोक तोइसानने पाहिलं.

जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सटरच्या लाकूडगिरणीपाशी सोनं सापडलं. बातमी हाँगकाँगला पोचली आणि त्या किनाऱ्याला कँटनी लोकांनी नाव दिलं ‘गम सान’, सोन्याचा डोंगर. १८५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को बंदरात २,७०० च्या आसपास चिनी उतरले. पुढच्याच वर्षी २०,०००.

बहुतेकांच्या खिशात भाड्याचे पैसे नव्हते. दलाल किंवा गावचाच व्यापारी तिकिटाची उचल देई आणि तिकडे कमावून ती व्याजासह फेडायची, असा व्यवहार. याच काळात क्यूबाला आणि पेरूला नेलेल्या चिनी मजुरांना करारात अडकवून, पुष्कळदा पळवून नेऊन, जवळपास गुलामासारखं राबवलं गेलं. कॅलिफोर्नियाला येणारा कर्जात बुडालेला असला तरी स्वतःच्या पायाने आलेला होता. हा फरक तिथल्या गोऱ्या पुढाऱ्यांनी कधी मान्य केला नाही. त्यांच्या भाषणांत प्रत्येक चिनी माणूस ‘कूली’च राहिला.

खाणींमध्ये चिनी टोळ्या बहुधा गोऱ्यांनी सोडून दिलेल्या जागा घेत आणि उपसलेला गाळ पुन्हा धुऊन त्यातून कण वेचत. त्यावरही १८५२ मध्ये परदेशी खाणकामगारांचा कर बसला : महिन्याला तीन डॉलर, पुढे चार. कायद्यात ‘चिनी’ हा शब्द नव्हता. वसुली मुख्यतः त्यांच्याकडूनच होई. वसुलीवाले एकदा घेऊन पुन्हा येत, पावती नाही म्हणून दुसऱ्यांदा घेत, आणि तक्रार करायची तर ती कुणाकडे?

कारण १८५४ मध्ये न्यायालयाचं दारही बंद झालं. जॉर्ज हॉल नावाच्या गोऱ्या माणसाने लिंग सिंग नावाच्या चिनी खाणकामगाराचा खून केला. चिनी साक्षीदारांच्या साक्षीवर हॉलला फाशी सुनावली गेली. अपिलात कॅलिफोर्नियाचे सरन्यायाधीश ह्यू मरे यांनी ती रद्द केली. त्यांचा युक्तिवाद चवीने वाचण्यासारखा आहे. कायद्याप्रमाणे ‘इंडियन’ माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नव्हती. आता, कोलंबस अमेरिकेत पोचला तेव्हा आपण आशियात आलो असं त्याला वाटलं आणि म्हणून त्याने तिथल्या लोकांना इंडियन म्हटलं. म्हणजेच ‘इंडियन’ या शब्दात आशियातली माणसं आलीच. म्हणून चिनी माणसाची साक्षही बाद! साडेतीनशे वर्षांपूर्वी एका दर्यावर्द्याचा नकाशा चुकला, त्याचा फायदा एका खुन्याला मिळाला.

रेल्वेचं काम १८६३ मध्ये सॅक्रमेंटोहून सुरू झालं. समोर सिएरा नेवाडाचा डोंगर आणि हाताखाली माणूसबळ नाही, अशी गत. गोरे मजूर पहिला पगार घेत आणि रुप्याच्या खाणींकडे पसार होत. १८६५ मध्ये क्रॉकरने मोठ्या संख्येने चिनी मजूर घ्यायचं सुचवलं तेव्हा बांधकामाचा प्रमुख जेम्स स्ट्रोब्रिज याने नाक मुरडलं : ही किडमिडी माणसं दगड काय फोडणार? त्यावर क्रॉकरने चीनच्या भिंतीचा दाखला दिला, अशी कथा आहे. पन्नास जण परीक्षेला घेतले, मग आणखी पन्नास. दोनेक वर्षांत कंपनीच्या दर दहा मजुरांपैकी आठ-नऊ चिनी होते, आणि ऐन भरात ही संख्या दहा हजारांच्या वर गेली.

त्यांचा तळ गोऱ्यांना विचित्र वाटे. दर टोळीचा स्वतःचा आचारी. भात, सुकी मासळी, सुके कालव, वाळवलेले मशरूम, बांबूचे कोंब, खारवलेला कोबी, शेंगदाण्याचं तेल, कधी डुकराचं मांस, कधी कोंबडी. हा शिधा सॅन फ्रान्सिस्कोतले चिनी व्यापारी पुरवत आणि त्याचे पैसे मजुराच्या पगारातून जात. गोऱ्यांचा तळ उकडलेलं गोमांस, घेवडा आणि बटाटे यांच्यावर चाले आणि वर ओढ्याचं पाणी. चिनी तळावर पोरं खांद्यावर कावड घेऊन फिरत, कावडीच्या दोन टोकांना दारूची किंवा सुरुंगाच्या पुडीची रिकामी पिंपं आणि त्यांत गरम चहा. पाणी उकळलेलं, म्हणून हगवण जवळपास नाही. संध्याकाळी काम सुटलं की गरम पाण्याने अंग धुऊन, कपडे बदलून मगच जेवण. या शिस्तीचं अप्रूप पाहुण्यांनी लिहून ठेवलं आहे.

कामाचा खरा कस लागला तो डोनर खिंडीजवळच्या सहाव्या बोगद्यात. सुमारे ७,००० फूट उंची, सलग ग्रॅनाइट, आणि त्यातून १,६५९ फुटांचं भोक पाडायचं. एक जण पोलादी पहार खडकावर धरून बसे, दोघे आळीपाळीने घण घालत. प्रत्येक घावानंतर धरणारा पहार जराशी फिरवी, म्हणजे टोक अडकत नाही. घण चुकला तर मनगट गेलं. हातभर भोक झालं की काळी दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. धूर विरला की राडारोडा उपसायचा आणि पुन्हा पहार. दिवसरात्र पाळ्या चालत आणि तरी एका तोंडावर दिवसाकाठी जेमतेम फूटभर बोगदा पुढे सरके. म्हणून डोंगराच्या माथ्यावरून मधोमध विहीर खणली आणि तिच्या तळातून दोन्ही दिशांना काम लावलं. दोनाची चार तोंडं झाली. १८६७ मध्ये जागेवरच नायट्रोग्लिसरीन बनवून वापरायला लागले तेव्हा वेग वाढला आणि धोकाही.

१८६६-६७ च्या त्या एका हिवाळ्यात ४४ वादळं झाली. माणसं बर्फाखाली खणलेल्या भुयारांतून झोपडीपासून बोगद्यापर्यंत जात आणि महिनोन्‌महिने आकाश न पाहता काम करत. हिमकडे कोसळून तळच्या तळ गाडले गेले. काही प्रेतं वसंतात बर्फ वितळल्यावर हाती लागली, असं खुद्द स्ट्रोब्रिजने पुढे साक्षीत सांगितलं. मेलेल्यांची मोजदाद कंपनीने ठेवली नाही.

याउलट एक गोष्ट मात्र हमखास सांगितली जाते : सिएरातल्या केप हॉर्न नावाच्या कड्यावर चिनी मजूर वेताच्या टोपल्यांमध्ये बसून दोराने खाली सोडले जात आणि सुरुंग लावत. चित्र फार देखणं आहे, म्हणूनच ते टिकलं. त्या काळच्या नोंदींमध्ये टोपल्यांचा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. बोगद्यातली फूटभर प्रगती चित्रात रंगवता येत नाही, हाच तिचा दोष.

२५ जून १८६७ रोजी डोंगरातल्या सुमारे तीन हजार चिनी मजुरांनी अवजारं खाली ठेवली. कंपनीने नुकताच महिन्याचा पगार ३१ वरून ३५ डॉलर केला होता. गोऱ्यांनाही ३५ च मिळत, पण वर जेवण आणि निवारा फुकट. चिन्यांनी ४० डॉलर मागितले, उघड्यावरच्या कामाला दहा तास आणि बोगद्यात आठ. अनेक मैलांवर विखुरलेले तळ एकाच दिवशी थांबले, यावरून आतली बांधणी किती पक्की होती ते कळतं. मारामारी नाही, दारू नाही. रविवारची सुट्टी असावी तशी शांतता होती, असं क्रॉकरनेच पुढे सांगितलं. मग त्याने डोंगरावर जाणारा शिधा बंद केला. आठवड्याभरात उपासाने संप मोडला. या संपाचा पुढारी कोण, त्याची सभा कुठे झाली, हे कुठल्याही कागदावर नाही. हजारो माणसं चार वर्षं राबली. त्यांनी घरी पत्रं पाठवली असणारच. त्यातलं एकही पत्र किंवा रोजनिशी आजवर अभ्यासकांच्या हाती आलेली नाही. शिखराजवळच्या जुन्या तळावर मातीत भांड्यांच्या खापऱ्या, सोया सॉसच्या तपकिरी बरण्यांचे तुकडे आणि भोकाची चिनी नाणी सापडतात, एवढंच.

१० मे १८६९ रोजी युटातल्या प्रोमोंटरी इथे दोन्ही कंपन्यांचे रूळ मिळाले. शेवटचे रूळ चिनी मजुरांनीच ठेवले होते. समारंभाच्या गाजलेल्या छायाचित्रात मात्र त्यांना शोधावं लागतं. पुढच्या वर्षी जूनमध्ये सॅक्रमेंटोच्या एका वर्तमानपत्राने बातमी छापली की, पूर्वेकडून आलेल्या गाडीत सुमारे वीस हजार पौंड हाडं होती, आणि ती अंदाजे १,२०० चिन्यांची असावीत. परक्या मातीत आत्म्याला थारा नाही, म्हणून अस्थी गावी पोचवायच्या, ही त्यांची रीत. त्यासाठी पुरताना प्रेताबरोबर नाव-गाव लिहिलेली पट्टी ठेवत. हजेरीपटावर जागा न मिळालेली नावं अशी जमिनीखाली तरी लिहिली गेली.

रेल्वे संपली आणि माणसं पांगली. कुणी सॅक्रमेंटो नदीच्या दलदलीत कमरभर चिखलात उभं राहून बांध घातले. आज जी तिथली सुपीक शेती दिसते, तिचा पाया हा. कुणी फळबागांत गेले. ओरेगॉनमध्ये सेथ लेवेलिंगच्या बागेत १८७५ च्या सुमारास गर्द लाल, टपोऱ्या चेरीचं नवं वाण निघालं. त्याला बागेच्या चिनी मुकादमाचं, आ बिंगचं, नाव दिलं गेलं. मुंबईच्या दुकानांत परदेशी चेरीच्या खोक्यावर ‘बिंग’ दिसतं ते हेच. बिंग १८८९ मध्ये मायदेशी गेला आणि परत येऊ शकला नाही.

सगळ्यात जास्त लोक धोबी झाले. चीनमध्ये कपडे धुणं हे बायकांचं काम, तेव्हा हा काही वडिलोपार्जित धंदा नव्हे. कॅलिफोर्नियात बायका थोड्या, भांडवल फारसं लागत नाही आणि इंग्रजी चार शब्दांपुरती, म्हणून तो धरला. खळ घालून वाळवलेल्या सदऱ्यावर तोंडात पाणी घेऊन फवारा मारायचा आणि कोळशाच्या शेगडीवर तापवलेली इस्त्री फिरवायची. इस्त्रीचं वजन आठ पौंड. या धंद्याला कँटनी बोलीत ‘आठ पौंडांचं पोट’ अशा अर्थाचा शब्दच पडला.

१८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्को नगरपालिकेने नियम काढला : लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला खास परवाना हवा. शहरात सुमारे ३२० लाँड्र्या होत्या, त्यातल्या ३१० लाकडी. परवान्यासाठी सुमारे दोनशे चिन्यांनी अर्ज केले, सगळे फेटाळले गेले. चिनी नसलेल्या ऐंशीपैकी एक वगळता सगळ्यांना परवाना मिळाला. बावीस वर्षं लाँड्री चालवणारा ली यिक दहा डॉलरचा दंड भरायला तयार होईना, म्हणून तुरुंगात गेला आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १८८६ मध्ये न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. कायद्याचे शब्द निष्पक्ष असले तरी अंमल पक्षपाती असेल तर तो घटनेचा भंगच, हे तत्त्व अमेरिकेत या खटल्याने रुजलं. खटल्याचं नाव आहे ‘यिक वो विरुद्ध हॉपकिन्स’. यिक वो हे माणसाचं नाव नव्हतंच. ती दुकानावरची पाटी होती. शेरिफला ते मालकाचं नाव वाटलं. अमेरिकेतल्या कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ली यिक अजून आपल्या दुकानाच्या नावाने वावरतो, आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्राथमिक शाळेलाही तेच नाव आहे.

हा विजय मिळाला तोवर वारं फिरलं होतं. १८७० च्या दशकात मंदी आली आणि बेकारांना शत्रू हवा होता. लॉस एंजेलिसमध्ये १८७१ साली एका रात्रीत जमावाने अठरा-एक चिनी मारले; वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज खाणीत १८८५ साली २८. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दहा वर्षं प्रवेशबंदी केली, पुढे ती कायमची झाली. १८८८ मध्ये सरकारने स्वतःच दिलेले परतीचे दाखले रद्द केले. चाय चान पिंग नावाचा मजूर तो दाखला घेऊन जहाजात होता. कायदा झाल्यावर आठवड्याभराने तो बंदरात पोचला आणि त्याला उतरू दिलं नाही. १८९२ पासून प्रत्येक चिनी मजुराने रहिवासाचा दाखला जवळ बाळगायचा, नसेल तर हद्दपारी. ज्यांची नावं लिहायला कारकून कंटाळत होते, त्यांच्या आता वेगळ्या फायली उघडल्या गेल्या : उंची, डोळ्यांचा रंग, गालावरचा वण.

बायकांना तर १८७५ पासूनच जवळपास मज्जाव होता. १८९० च्या जनगणनेत एक लाख तीन हजार चिनी पुरुष आणि स्त्रिया चार हजारांहून कमी. संसार समुद्रापलीकडे, पैशाच्या पुडक्यांवर आणि पत्रांवर चाले. त्या पैशातून काइपिंग जिल्ह्यात बांधलेले, परदेशी कमानी मिरवणारे उंच बुरुज आज युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत.

वाँग किम आर्क हा आचारी सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ मध्ये जन्मलेला. १८९५ मध्ये चीनहून परतताना त्याला अडवलं. तो लढला आणि १८९८ मध्ये जिंकला : अमेरिकेच्या भूमीवर जन्मला तो अमेरिकन, आईबाप कुणी का असेनात. या निकालाला अनपेक्षित जोड मिळाली ती १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपाची. मागोमाग लागलेल्या आगीत शहरातल्या जन्मनोंदी जळून गेल्या. आता ‘मी इथेच जन्मलो’ म्हणणाऱ्याला खोटं पाडणार कसं? आणि तो नागरिक ठरला की चीनमध्ये झालेली त्याची मुलंही नागरिक. मग चीनच्या दर फेरीनंतर तो कचेरीत सांगे : मुलगा झाला. झालेला असो वा नसो, कागदावर एक जागा तयार होई. ती जागा पुतण्याला, शेजाऱ्याला किंवा दलालामार्फत परक्याला विकली जाई. भाव वयाच्या दर वर्षामागे साधारण शंभर डॉलर. अशा मुलांना नावच पडलं, ‘कागदी मुलगे’. हे सगळे दावे खरे असतील तर १९०६ पूर्वी शहरातल्या प्रत्येक चिनी बाईला शेकडो मुलगे झाले असले पाहिजेत, असा विनोद तेव्हा प्रचलित होता.

सरकारने तोड काढली ती एंजल बेटावरची. १९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या या बेटावर येणाऱ्यांना ठेवून दोन-दोन, तीन-तीन दिवस उलटतपासणी चाले. तुझ्या घराच्या दारापुढे पायऱ्या किती? तांदळाचा रांजण कुठल्या खोलीत? गावच्या तिसऱ्या ओळीतलं दुसरं घर कुणाचं? विहीर घराच्या कुठल्या बाजूला? तेच प्रश्न ‘बापाला’ वेगळे विचारत. उत्तरं जुळली नाहीत तर परतीचं जहाज. खरा मुलगाही आपल्या दाराच्या पायऱ्या मोजत नसतो, त्यामुळे तोही अडके. म्हणून खऱ्या-खोट्या दोघांनीही उत्तरांच्या वह्या महिनोन्‌महिने घोकलेल्या असत. जहाज खाडीत शिरलं की वही समुद्रात. बेटावर आल्यावर काही विसरलं तर शहरातल्या नातलगांची चिठ्ठी शेंगदाण्याच्या टरफलात घालून आत येई.

वाट पाहणाऱ्यांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर चाकूने कविता कोरल्या. अधिकाऱ्यांनी भिंती पुन्हा पुन्हा रंगवल्या. १९७० मध्ये इमारत पाडायची ठरली तेव्हा अलेक्झांडर वाइस नावाच्या उद्यानरक्षकाच्या विजेरीच्या उजेडात रंगाखालची अक्षरं दिसली आणि ती बराक वाचली. बहुतेक कवितांखाली नाव नाही. फार तर जिल्हा.

याच बेटावर पंजाबी शेतकरीही अडकले होते. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानच्या माणसांनाही तोच दरवाजा बंद केला. चिन्यांवरची बंदी १९४३ मध्ये उठली; महायुद्धात चीन दोस्त होता. वर्षाला परवानगी १०५ जणांना. हिंदी माणसांसाठी दार १९४६ मध्ये किलकिलं झालं, वर्षाला शंभर.

कागदी मुलग्यांनी मात्र दोन नावांनी आयुष्य काढलं. शाळेत, बँकेत, लष्करात एक. जेवणाच्या टेबलावर दुसरं. १९५६ पासून सरकारने कबुलीजबाबाची योजना आणली, हजारोंनी खरं सांगितलं, काहींनी भीतीपोटी कधीच सांगितलं नाही. कॅलिफोर्नियातल्या चिनी दफनभूमींमध्ये अशा माणसांच्या शिळा अजून पाहायला मिळतात. इंग्रजी अक्षरांत कागदावरचं आडनाव कोरलेलं असतं. शेजारी उभ्या ओळीत, चिनी लिपीत, दुसरंच आडनाव असतं, आणि त्याच्याजवळ गावाचं नाव.